वजनकाट्याच्या पावत्या क्लाउडवर, हिशेब डीबीव्हरमध्ये

कापसाचा हंगाम लागला की चोपडा, धरणगाव, पारोळा, शिरपूर अशा प्रत्येक केंद्रावरच्या वजनकाट्याचा संगणक रोज संध्याकाळी एक सीएसव्ही फाइल काढतो आणि ती जिनिंगच्या एसथ्री बकेटमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठ्यात, जाऊन पडते. इथवर सगळं सुरळीत. मग जळगावच्या ऑफिसात शेठ विचारतात, "पारोळ्याला या आठवड्यात किती क्विंटल माल आला?" आणि हिशेबनीस सात फाइली डाउनलोड करून एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवत बसतो. ही चिकटवाचिकटव टाळायची असेल तर टेबलावरच्याच संगणकातून, डीबीव्हर या प्रोग्रॅममधून, बकेटमधल्या फायलींना एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, विचारता येतं. सर्व्हर लागत नाही, लायसन्सचा खर्चही नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. बकेट म्हणजे डेटाबेस नाही, ते गोदाम आहे. गोदामाला एसक्यूएल कळत नाही, म्हणून डीबीव्हर थेट त्याच्याशी बोलू शकत नाही. मधे दुभाषी लागतो. ॲमेझॉनचा स्वतःचा दुभाषी म्हणजे अथेना. तो ढगातच चालतो, वाचलेल्या डेटाच्या आकारावर पैसे घेतो आणि क्वेरी कितीही छोटी असली तरी किमान १० एमबी धरतो. डेटा शेकडो जीबींचा असेल किंवा दहा जणांना एकाच वेळी विचारायचं असेल तर तोच घ्या. पाच-सात केंद्रांच्या पावत्यांसाठी मात्र डकडीबी हा दुसरा दुभाषी पुरतो. तो तुमच्याच संगणकात, डीबीव्हरच्या पोटात चालतो, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. हुकूम इथे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत टाइप करायचे, अवतरणचिन्हं आणि खालच्या रेघा जशाच्या तशा ठेवून.

चावी काढताना

एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, आयएएम या परवानग्यांच्या विभागात या कामासाठी वेगळा युजर करा. मालकाची रूट चावी हिशेबनिसाच्या संगणकावर टाकणं म्हणजे पावती बघायला मागणाऱ्याच्या हातात तिजोरीची चावी देणं. नव्या युजरला दोनच परवानग्या लागतात, फायलींची यादी बघण्याची लिस्टबकेट आणि फाइल वाचण्याची गेटऑब्जेक्ट. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण दोन्ही परवानग्या एकाच पत्त्यावर लागत नाहीत. लिस्टबकेट लागते नुसत्या बकेटच्या नावावर. गेटऑब्जेक्ट लागते बकेटच्या नावापुढे तिरकी रेघ आणि तारा दिलेल्या पत्त्यावर. दोन्ही तारेवाल्या पत्त्यावर लावल्या तर पूर्ण नाव दिलेली एकेक फाइल उघडते, पण "या फोल्डरमधल्या सगळ्या" म्हटलं की ४०३, म्हणजे परवानगी नसल्याची चूक, येतो. मग माणूस चावी पुन्हापुन्हा तपासत राहतो. चावीत दोष नसतोच.

बकेट नवी करत असाल तर तीन पथ्यं पाळा. रीजन मुंबई निवडा, म्हणजे एपी-साउथ-१. बकेटच्या नावात टिंब नको, कारण बकेटचं नाव पत्त्याच्या पुढे लागतं आणि टिंब असलं की ॲमेझॉनचं एसएसएल प्रमाणपत्र त्या पत्त्याशी जुळत नाही. आणि फोल्डरची, फायलींची नावं रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता द्या. फायलीच्या आत हवं तेवढं मराठी असू द्या, पत्त्यात नको.

जोडणी

डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. उघडल्यावर डेटाबेस मेनूतून नवं कनेक्शन घ्या, शोधाच्या चौकटीत डकडीबी टाका, आणि पाथच्या जागी एका नव्या फायलीचं नाव द्या, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवरच्या हिशेब फोल्डरात कापूस.डकडीबी. पाथमध्ये 'मेमरी' लिहिण्याचीही सोय असते, पण तिथे केलेले व्ह्यू (नाव देऊन जपलेल्या क्वेरी) आणि टेबलं डीबीव्हर बंद होताच जातात. रोजच्या कामाला फाइलच हवी. ती गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात मात्र ठेवू नका. डकडीबी लिहीत असताना सिंकवाला अर्धवट फाइल उचलतो, आणि फाइल बिघडायला तेवढं पुरतं.

टेस्ट कनेक्शन दाबलं की डीबीव्हर ड्रायव्हर उतरवायला विचारेल. हो म्हणा. ही जार फाइल बरीच मोठी असते, कारण विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा सगळ्यांचं इंजिन तिच्यातच भरलेलं असतं. फोनच्या हॉटस्पॉटवर ती मधेच तुटली तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन अर्धी उतरलेली फाइल काढा आणि पुन्हा उतरवा. नुसतं परत टेस्ट दाबून भागत नाही. विंडोजवर लायब्ररी लोड होत नाही अशा अर्थाची चूक आली तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल बसवलेलं नसतं. ते ६४ बिटचं घ्या.

आता एसक्यूएल एडिटर उघडून:

इन्स्टॉल एचटीटीपीएफएस;
लोड एचटीटीपीएफएस;

हे एक्सटेन्शन असलं की डकडीबीला इंटरनेटवरच्या फायली वाचता येतात. इन्स्टॉल एकदाच करायचं. लोड बहुतेक वेळा आपोआप होतं, पण भरवसा हवा असेल तर कनेक्शनच्या सेटिंग्जमध्ये इनिशियलायझेशनखाली बूटस्ट्रॅप क्वेरी नावाची जागा आहे, तिथे लोडची ओळ टाकून ठेवा. पुढे कधी ड्रायव्हरची आवृत्ती वाढवलीत तर एक्सटेन्शन पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल, कारण ते प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं बांधलेलं असतं.

मग चावी द्यायची:

क्रिएट ऑर रिप्लेस पर्सिस्टंट सिक्रेट काटा (टाइप एसथ्री, की_आयडी '…', सिक्रेट '…', रीजन 'एपी-साउथ-१', स्कोप 'एसथ्री://बकेटचं नाव');

पर्सिस्टंट लिहिलं नाही तर डीबीव्हर बंद केल्यावर चावी विसरली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ४०३. लिहिलं तर ती संगणकावर साठते, पण कुलूपबंद नाही. तुमच्या युजर फोल्डरातल्या .डकडीबी या फोल्डरात, स्टोअर्ड_सिक्रेट्समध्ये ती उघडीच पडलेली असते. म्हणूनच वाचण्यापुरती चावी वेगळी काढायची. हुकूम चालवून झाला की एडिटरमधली ती ओळ पुसा, स्क्रिप्ट सेव्ह झाली असेल तर तीही काढा आणि डीबीव्हरच्या क्वेरी हिस्टरीतून ती नोंद हटवा. हिस्टरी सगळेच विसरतात. स्कोपचा उपयोग तुमच्याकडे दोन बकेटांच्या दोन चाव्या आल्या की कळतो. कोणत्या पत्त्याला कोणती चावी लागते आहे ते विच_सिक्रेट हे फंक्शन सांगतं.

पहिली क्वेरी

सगळा हंगाम एकदम मागू नका. एका केंद्राची एका दिवसाची, पूर्ण पत्ता माहीत असलेली फाइल मागा:

सिलेक्ट * फ्रॉम 'एसथ्री://बकेट/काटा/पारोळा/२०२५-११-१४.सीएसव्ही' लिमिट १०;

कंट्रोल-एंटर दाबलं की कर्सर जिथे आहे तो एकच हुकूम चालतो. दहा ओळी दिसल्या की मगच तारा वापरा. एक तारा एकाच फोल्डरापुरती चालते, दोन तारा पोटफोल्डरांतही उतरतात.

काही दिसलं नाही तर चूक सांगणाऱ्या संदेशातला आकडा बघा, तोच कारण सांगतो. ३०१ म्हणजे रीजन चुकली. ४०४ म्हणजे पत्ता चुकला. यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही मोजला जातो, आणि शेवटचं सीएसव्ही कॅपिटलमध्ये असणं ही जुन्या काटा-सॉफ्टवेअरची जुनी खोड आहे. ४०३ मात्र चार कारणांनी येतो. चावी चुकली किंवा कॉपी करताना शेवटचं अक्षर सुटलं, हे पहिलं. वर सांगितलेली लिस्टबकेटची भानगड, हे दुसरं. तिसरं असं की यादी बघण्याची परवानगी नसेल तर नसलेल्या फायलीलाही ॲमेझॉन ४०४ ऐवजी ४०३ च म्हणतो, म्हणजे चूक पत्त्यात असते आणि संशय चावीवर जातो.

चौथं कारण घड्याळ. प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो, आणि संगणकाचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जास्त मागे-पुढे असेल तर ॲमेझॉन दार उघडत नाही. काट्याच्या केबिनीतल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो. रात्री लाइट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि सकाळी "काल तर चालत होतं" म्हणून फोन येतो. सेल तीस-चाळीस रुपयांत मिळतो, सीआर २०३२ नावाचा. तो बदला आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा.

आकडाच न येता प्रमाणपत्राबद्दलची चूक आली किंवा क्वेरी नुसतीच लटकली, तर ऑफिसच्या वायफायऐवजी फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर चाललं तर दोष फायरवॉलचा किंवा एचटीटीपीएस तपासणाऱ्या अँटिव्हायरसचा, एसक्यूएलचा नाही.

खरं काम: घाण साफ करणं

जोडणी अर्ध्या तासाची. वेळ खातात त्या फायली. पाच केंद्रांवर पाच माणसं, दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं, आणि मधे कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून "जरा नीट करून" पुन्हा सेव्ह केलेल्या फायली. अशा वेळी डकडीबीला प्रकार ओळखू देऊ नका. तो डीफॉल्टने पहिल्या २०,४८० ओळींचा नमुना बघून ठरवतो की हा कॉलम आकडा, हा तारीख. पुढे कुठेतरी वजनाच्या जागी "रद्द" लिहिलेलं आलं की क्वेरी पडते. सगळं आधी मजकूर म्हणून घ्या:

क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू कच्च्या_पावत्या ॲज सिलेक्ट * फ्रॉम रीड_सीएसव्ही('एसथ्री://बकेट/काटा/**/*.सीएसव्ही', ऑल_व्हारचार = ट्रू, युनियन_बाय_नेम = ट्रू, फाइलनेम = ट्रू);

यातला प्रत्येक पर्याय एकेका भानगडीसाठी आहे. ऑल_व्हारचारमुळे ०००४५२ ही पावती ४५२ होत नाही. युनियन_बाय_नेम नसेल तर कॉलम क्रमाने जुळवले जातात. दिवाळीनंतर धरणगावने मधेच ओलाव्याचा कॉलम घातला तर क्वेरी अडकेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडकता ओलावा भावाच्या घरात जाऊन बसेल. नावाने जुळवलं की जिथे कॉलम नाही तिथे रिकामी जागा येते. फाइलनेममुळे प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या फायलीतून आली ते दिसतं. चुकीची पावती सापडली की कोणत्या केंद्राला फोन लावायचा तेही तिथेच कळतं.

तारखेत एका अक्षराने घोळ होतो. १४/११/२०२५ अशी तारीख वाचायला ट्राय_एसटीआरपीटाइम फंक्शनला साचा द्यायचा: टक्का-डी, टक्का-एम, टक्का-वाय, मधे तिरक्या रेघा. डी आणि एम छोटे, वाय कॅपिटल. एम कॅपिटल पडला तर त्याचा अर्थ मिनिटं होतो, आणि नोव्हेंबरची पावती १४ जानेवारी, बारा वाजून अकरा मिनिटं अशी वाचली जाते. कसलीही चूक येत नाही, फक्त सगळा हंगाम जानेवारीत झालेला दिसतो. साचा न देता आपोआप ओळखायला सोडलं तर महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना दिवस कुठला आणि महिना कुठला हे त्यालाही सांगता येत नाही.

वजनात १,२५,००० असे स्वल्पविराम असतील तर रिप्लेसने काढा. कुणी देवनागरी आकडे टाइप केले असतील तर ट्रान्सलेट फंक्शनला एका बाजूला ०१२३४५६७८९ आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने रोमन आकडे द्या. त्यानंतर आकड्यात बदलताना कास्टऐवजी ट्राय_कास्ट वापरा. जे बदलत नाही ते तो रिकामं ठेवतो. मात्र अशा रिकाम्या जागा किती झाल्या ते मोजल्याशिवाय बेरीज कुणाला देऊ नका. पाचशे पावत्यांत वीस रिकाम्या असतील तर शेतकऱ्यांच्या वीस गाड्या हिशेबातून गेल्या.

मराठी मजकुराचं वेगळंच. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये असेल तर काही करावं लागत नाही. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही पर्यायाने सेव्ह केली असेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ती परत आणता येत नाहीत, अक्षरं तेव्हाच गेलेली असतात. मूळ फायलीवरून सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडून पुन्हा सेव्ह करायला सांगा. तिसरा प्रकार जुन्या काटा-सॉफ्टवेअरचा. त्यात नावं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात आणि फॉन्टशिवाय ती नुसती रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसतात. एन्कोडिंगचा कुठलाही पर्याय तिथे कामाचा नाही. आधी त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर चालवावा लागतो.

एवढं करूनही केंद्राच्या नावावर ग्रुप बाय केलं की केंद्रं पाचाऐवजी अकरा दिसतील. चोपडा आणि चोपड़ा, पारोळा आणि पारोला, शिरपूर आणि शिरपुर, शिवाय पुढे-मागे सुटलेल्या मोकळ्या जागा. ट्रिम लावा. नुक्त्याचा ड़ दोन तऱ्हांनी साठवता येतो, त्या दोन्ही एक करायला एनएफसी_नॉर्मलाइझ लावा. पण साधा ड आणि नुक्त्याचा ड़ ही वेगळी अक्षरं आहेत, त्यांना हे फंक्शन एक करणार नाही. त्यासाठी दोन कॉलमांचं छोटं टेबल करा, एकात "आलेलं नाव" आणि दुसऱ्यात "खरं नाव", आणि त्याला जोडून घ्या. नवं चुकीचं नाव आलं की त्यात एक ओळ वाढवायची. गाडी नंबरालाही हेच लागू. एमएच १९ पुढे कुणी रेघ देतो, कुणी जागा सोडतो. अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं काढून टाका आणि सगळं कॅपिटल करा.

कोट्स सांभाळा. डकडीबीत दुहेरी अवतरण म्हणजे कॉलमचं नाव, एकेरी म्हणजे मजकूर. पारोळा दुहेरीत लिहिलंत तर तो "पारोळा नावाचा कॉलम नाही" म्हणतो. फोनवरून किंवा वर्डमधून आलेल्या हुकुमातली वाकडी अवतरणं तर चालतच नाहीत, ती हाताने बदला.

नऊशे फायलींचा ताप

पाच केंद्रं गुणिले १८० दिवस म्हणजे नऊशे छोट्या फायली. प्रत्येक फायलीसाठी बकेटकडे निदान एकदा जाऊन यावं लागतं, आणि सीएसव्हीतला एकच कॉलम हवा असला तरी सगळी फाइल ओढावी लागते. क्वेरी रेंगाळते ती यामुळे. शिवाय डीबीव्हरच्या निकालाच्या जाळीत कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून क्रम लावला, एकूण ओळी मोजायचं बटण दाबलं, किंवा पहिल्या २०० ओळींच्या खाली स्क्रोल केलं, तरी तो पुन्हा बकेटकडे धावू शकतो. एक्स्प्लेन ॲनालाइझ लावून क्वेरी चालवलीत तर किती गेट विनंत्या गेल्या आणि किती डेटा ओढला ते दिसतं. एकदा बघाच.

उपाय दोन. दिवसभर त्याच डेटावर काम असेल तर सकाळी क्रिएट ऑर रिप्लेस टेबल करून सगळं कापूस.डकडीबीमध्ये उतरवून घ्या, मग इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. आणि महिना संपला की त्या महिन्याच्या साफ केलेल्या पावत्या कॉपी हुकुमाने एका पार्के फायलीत लिहून बकेटच्या वेगळ्या फोल्डरात ठेवा. पार्के फायलीत प्रत्येक कॉलम वेगळा रचलेला असतो आणि कुठे काय आहे त्याची सूची शेवटी असते, म्हणून डकडीबी आधी शेपूट वाचून हवा तेवढाच तुकडा मागवतो. बकेटमध्ये लिहायला पुटऑब्जेक्टची परवानगी असलेली दुसरी चावी लागेल. ती एकाच संगणकावर ठेवा. मूळ सीएसव्ही कधीच पुसू नका, भांडण झालं की तीच काढावी लागते. बकेटमधून बाहेर ओढलेल्या डेटाचे महिन्याला पहिल्या १०० जीबीपर्यंत ॲमेझॉन पैसे घेत नाही, तेव्हा पावत्यांच्या बिलाची धास्ती नको.

एकाच पावतीच्या दोन ओळी दिसल्या तर दचकू नका. नेट गेल्यावर काट्यावरचा मुलगा तीच फाइल दुसऱ्या नावाने पुन्हा चढवतो. केंद्र, तारीख आणि पावती क्रमांक तिन्ही धरून एकच ओळ ठेवा. नुसत्या पावती क्रमांकावर ठेवलंत तर शिरपूरची ४५२ आणि पारोळ्याची ४५२ यांतली एक गायब होईल.

कापूस.डकडीबी डीबीव्हरमध्ये उघडी असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने ती उघडायचा प्रयत्न केला तर "फाइल वापरात आहे" असं उत्तर येईल. लिहिणारा एका वेळी एकच. कनेक्शनवर उजवं क्लिक करून डिसकनेक्ट करा. नवा व्ह्यू डावीकडच्या झाडात दिसत नसेल तर एफ५ दाबा.

उतारा काढताना

कापूस क्विंटलमध्ये येतो, रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो, गाठ १७० किलोची. सगळं किलोमध्ये साठवा आणि खंडी-गाठी फक्त शेवटच्या सिलेक्टमध्ये काढा. उतारा, म्हणजे कापसातून निघालेल्या रुईचा टक्का, मात्र रोजच्या टक्क्यांची सरासरी घेऊन काढू नका. समजा एका दिवशी २०० क्विंटलवर ३४ टक्के उतारा पडला आणि दुसऱ्या दिवशी २० क्विंटलवर ३१. ॲव्हरेज फंक्शन ३२.५ सांगेल. खरी रुई ६८ अधिक ६.२, म्हणजे २२० क्विंटलवर ७४.२ आणि उतारा ३३.७. एवढ्या फरकाने जिनरशी वाद होतो. म्हणून रुईची बेरीज भागिले कापसाची बेरीज गुणिले शंभर, असंच लिहा.

निकाल शेठना एक्सेलमध्येच हवा असतो. जाळीवर उजवं क्लिक करून एक्स्पोर्ट डेटा घ्या. थेट एक्सेल फाइल काढता आली तर उत्तम. सीएसव्हीच हवी असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवून इन्सर्ट बीओएमची खूण करा. ती नसली तर डबल क्लिकवर एक्सेल यूटीएफ-८ ओळखत नाही, आणि एवढं धुऊन काढलेलं पारोळा पुन्हा खिचडी होऊन दिसतं.